एकाच डब्यातून गेलेलं रक्त

लेक पेढे घेऊन आली तेव्हा मला वाटलं, हिचं लग्न जमलं. म्हटलं, सुटले एकदाची. तर ती दारातच माझ्या गळ्यात पडली आणि रडत म्हणाली, "आई, तुला काही झालेलं नाही. तू ठणठणीत आहेस."

मला काही झालंय, हेच मला माहीत नव्हतं.

मागचं सांगते, म्हणजे कळेल. नगरकडच्या बेलापुरात आमची शेती आणि घर. माझ्या सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे, अल्झायमर. आधी चुलीवरचं दूध विसरल्या, मग पोरांची नावं, मग हे घर आपलं आहे हेही. मला मात्र विसरल्या नाहीत. आमच्यात सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. मी कोपरगावची, म्हणून कोपरगावकरीण. तरुणपणी ही हाक आली की माझ्या कपाळावर आठी चढायची. मी तोंडाची फटकळ, त्या माझ्याहून. आमचं जुंपलं की शेजारचं कुत्रंसुद्धा गप्प बसायचं. पण बाकी सगळं पुसलं गेलं तरी तेवढी हाक त्यांच्या तोंडात राहिली. माझ्याच हातून जेवायच्या, मीच वेणी घालायची. दुसऱ्या कुणी हात लावला की ओरडायच्या.

लेक पुण्याला एका प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर काम करते. हा आजार नुसत्या रक्तावरून ओळखता येतो का, ते शोधायचं काम. मला समजावून सांगायची, की आई, विहिरीवर मोटार सगळ्यांच्याच असते, पण आत्ता कुणाची चालू आणि कुणाची बंद, ते वेगळं. तशी जनुकं सगळ्यांच्या अंगात असतात, आजारपणात त्यातली काही जास्त चालतात, काही मंदावतात. आजारी माणसांचं आणि धडधाकट माणसांचं रक्त तपासून ते आकडे कॉम्प्युटरला दाखवत जायचं. तो आपोआप फरक शिकतो. मग नवं रक्त आलं की सांगतो, हे या बाजूचं की त्या बाजूचं. मला लई कौतुक वाटायचं. कोपरगावच्या बाजारात मी भाव विचारायला लाजायचे, आणि माझी पोर असली कामं करते.

तिला आजीचं रक्त हवं होतं. दवाखान्यातल्या नर्सच्या हातातली सुई बघून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. मग लहान मुलाला औषध देताना आधी आपण चाटून दाखवतो ना, तसं मी दंड पुढे केला. म्हटलं, आधी माझं घ्या. माझं घेतलेलं बघून त्या मुकाट्यानं बसल्या. लेक म्हणाली, बरंच झालं, धडधाकट माणूसही हवंच होतं. दोघींच्या बाटल्या एकाच बर्फाच्या डब्यात ठेवून ती एस्टीनं निघाली. राहुरीजवळ गाडी बंद पडली आणि प्रयोगशाळेत पोचायला तिला संध्याकाळ झाली. मी फोनवर एस्टीला चार शिव्या घातल्या आणि विसरून गेले.

त्यानंतर लेकीचा रोज फोन यायला लागला. काल कुठली भाजी केली होतीस, आज वार कुठला, मामाच्या पोरीचं लग्न कुठल्या साली झालं. मी आपली हौसेनं सांगत बसायचे. मैत्रिणींना म्हणायचे, पुण्याला गेली तरी आईची माया सुटली नाही बघा. आमचे हे रात्रीचा गॅस दोनदा बघायला लागले. मला वाटलं, म्हातारपण आलं.

दिवाळीआधी धाकटे दीर आले. ते नगरला राहतात, नागापूरच्या कारखान्यात आहेत. म्हणाले, वहिनी, तुम्ही थकलात, आईला थोडे दिवस आम्ही नेतो. मी म्हटलं, मी कुठं थकलेय? पण ह्यांनी मान खाली घातली आणि लेकीनंही फोनवर तेच लावून धरलं. गाडीत बसवताना सासूबाईंनी माझा पदर धरून ठेवला होता. जावेनं तो बोट बोट करून सोडवला. पुढं मी नगरला निघाले की जाऊ फोन करायची, सध्या येऊ नका, तुम्हाला बघितलं की त्या परत जायचा हट्ट धरतील. ते मला पटलं. त्यांच्या भल्यासाठी म्हणून मी घरात बसले.

आणि आता ही पेढे घेऊन आली.

कॉम्प्युटरनं माझं रक्त आजारी माणसांच्या बाजूला टाकलं होतं. रक्त कुणाचं, हे तिथं बघायचं नसतं, पण घरच्या बाटल्या हिनंच नेलेल्या, हिनं बघितलं. बापाला सांगितलं, काकाला सांगितलं. ज्याचं डोकं जाणार म्हणतात त्याच्या हाती म्हातारी कशी सोपवायची, असं तिघांनी ठरवलं. मला सोडून सगळ्यांना माहीत. मग परवा चूक सापडली. आजारी माणसं सगळी आमच्यासारखी खेड्यातली, त्यांचं रक्त डब्यातून, एस्टीतून, तासन् तास हिंडून पोचलेलं. धडधाकट माणसं पुण्यातली, तिथल्या तिथं रक्त देऊन घरी गेलेली. रक्त असं रखडलं की त्यातली जनुकं तेवढ्यानंच जास्त चालतात नाहीतर मंदावतात म्हणे.

"मशीननं आजार ओळखलाच नव्हता, आई," ती म्हणाली. "त्यानं प्रवास ओळखला."

मी विचारलं, मला एखाद्या डॉक्टरकडे न्यायला काय झालं होतं? तर म्हणे, तू घाबरली असतीस. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेपर वाचत होते. तीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. परक्यानं केलं असतं तर मी त्याचं घर उन्हात बांधलं असतं. इथं पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला आणि वर तोंड गोड करायला आली. त्या फोनची मला सगळ्यात जास्त चीड आली. मी भाज्या सांगत होते आणि ती मार्क देत होती.

मी एवढंच म्हटलं, "आधी म्हातारीला आण."

दुसऱ्या दिवशी दिरानं त्यांना आणून सोडलं. वाळल्या होत्या. केस बारीक कापलेले, मला विचारलंसुद्धा नव्हतं. ओट्यावर बसवलं, मी ताटलीत भाकरी कुस्करून दूध घातलं आणि घास पुढे केला. खाल्ला त्यांनी. ओरडल्या नाहीत. परक्याच्या घरी पाहुणा जेवतो तशा अदबीनं जेवल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"तुमी कोन्या गावच्या, बाई?"

"कोपरगावची," मी म्हटलं.

"व्हय का? आमची थोरली सून बी तिकडचीच हाय." त्या दाराकडे बघायला लागल्या. "मला गाडीत घालून दिलं तिनं. परत काय आली न्हाई."

लेक चौकटीला धरून उभी होती. मी पुढचा घास कालवला.