देवीला सांगितलं, डॉक्टरांना नाही

मी देवीची पूजा करणारा माणूस. लोकांना वाटतं, आमच्यासारख्यांच्या मनात शंका येत नसेल. येते, आणि इतरांपेक्षा जास्तच येते, कारण आमचा देवाशी रोजचा संबंध. पण गेल्या श्रावणात देवीबद्दल शंका नव्हती. मला एका शब्दाची भीती वाटत होती.

चुडाव्याजवळच्या आमच्या गावात देवीच्या देवळाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरी आहे. आमच्याकडची रीत अशी की दुखणं बरं होऊन नवस फेडला, की त्या दुखण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. काढलं तर ते परत येतं म्हणतात. सहा वर्षांपूर्वी कॅन्सरच्या गाठीपायी माझ्या पत्नीची एक छाती काढली होती. औषधं संपली, केस पुन्हा आले, आम्ही देवीची ओटी भरून नवस फेडला आणि तो शब्द घरातून हद्दपार झाला. पुढच्या तपासण्यांना जाणंही मीच बंद केलं, कारण तिथं गेलं की नाव घ्यावंच लागणार. गुरवानंच रीत मोडायची तर लोकांनी काय करायचं, असा माझा तोरा होता.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. उलट्या व्हायच्या, एकाच्या जागी दोन माणसं दिसायची. एका सकाळी देऊळ झाडताना ती पायरीवरून पडली. परभणीला दवाखान्यात नेलं. डोक्याचा स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या आवरणात रक्त उतरल्यासारखं दिसतंय. पडल्यामुळे असेल किंवा शीर फुटली असेल. नांदेडला हलवू, तिथं रक्तवाहिन्या तपासतील, कदाचित डोकं उघडावं लागेल. त्यांनी विचारलं, "आधीचा काही मोठा आजार?" मी म्हणालो, "नाही." पत्नीनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. ते पाहणं मला कळलं होतं.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून राणीसावरगावकडची धनगरीण होती. दुपारी पत्नीला पुन्हा उलटी झाली, तेव्हा त्या बाईनं मला बाहेर काढून तिची साडी बदलली. मग व्हरांड्यात येऊन म्हणाली, "दादा, बाईला एका अंगाला छाती न्हाई. काय झालतं?"

मी नजर वळवली.

"डागदरला सांगितलंय का?"

"देवीला सांगितलंय. नवस फेडलाय. आता त्याचं नाव काढत नसतात."

ती हसली नाही, रागावलीही नाही. "आमी मेंढरामागं फिरतो. मेंढरू पडलं की डागदर मागचं समदं इचारतो, आन् आमीच सांगतो, त्याला वाचा न्हाई म्हणून. तुमच्या बाईला वाचा हाय, पर ती तुमच्या तोंडाकडं बघायलीय."

एवढं बोलून ती सासूला पाणी पाजायला गेली. मी डॉक्टरांच्या खोलीकडे निघालो. सहा वर्षांनी तो शब्द तोंडातून काढला. डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला आणि स्कॅन पुन्हा लावला. तो आजार मेंदूच्या आवरणावर पसरला, तर स्कॅनमध्ये कधी कधी रक्तासारखाच पांढरा दिसतो, असं ते म्हणाले. नांदेडला जाणं थांबलं. दुसरा स्कॅन झाला, पाठीतून पाणी काढून तपासलं. रक्त नव्हतंच, जुनं दुखणं मेंदूवर जाऊन बसलं होतं.

निदान कळल्यावर मी त्या बाईला शोधलं. खाट रिकामी होती, सासूला घेऊन ती गावी गेली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. ती देवी होती असं मी म्हणत नाही. तिच्या लुगड्याला मेंढरांचा वास येत होता आणि फोनवर नवऱ्याला झापताना मी तिला ऐकलं होतं. तिला माझ्याकडे कुणी धाडलं, एवढंच मी मनाशी ठेवतो.

पत्नी बरी होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण डोकं उघडण्याचे हाल टळले, डोक्याला किरणांचे शेक दिल्यावर दुखणं पुष्कळ उतरलं आणि आम्हाला घरी तीन महिने मिळाले. घरी आलो त्या संध्याकाळी ती म्हणाली, "डोकं दुखायला लागलं तवाच मला कळलं होतं. तुमी नाव काढू देत नव्हता, म्हणून एकटीच भीत ऱ्हायले."

मी तिच्यापुढे रडलो. देवीपुढेही कधी इतका रडलो नव्हतो. त्यानंतर आम्ही दोघांनी त्या दुखण्याचं नाव घेतलं, मरणाचंही घेतलं. कुठं दुखतंय, कशाची भीती वाटते, ते ती सांगायची आणि मी ऐकायचो. देवीवर भार टाकला असं मी सहा वर्षं समजत होतो, आणि तो सगळा तिच्या एकटीच्या डोक्यावर होता.

आई, तू तिला राखलं नाहीस, याचं दुःख मी तुझ्यापासून लपवत नाही. पण तिला एकटीनं भीत जाऊ दिलं नाहीस, म्हणून तुझ्या पायावर डोकं ठेवतो. ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आणि तिला माझ्यापासून काही लपवावं लागत नव्हतं.