म्हात्रेबाईंचा प्रयोगाचा तास

सुमती म्हात्रेबाईंशी माझी ओळख झाली ती माझ्याच चुकीमुळे. बी.एड. करून पनवेलच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. आठवीच्या एका गटाने प्रयोगवहीत पाणी सत्त्याण्णव अंशांना उकळल्याचं लिहिलं होतं. मी लाल पेनाने ते खोडून शंभर केलं. मधल्या सुट्टीत बाई ती वही घेऊन माझ्याकडे आल्या.

"प्रयोगाच्या वेळी तुम्ही तिथे होतात का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"नाही. पण पाणी शंभरलाच उकळतं ना?"

"मुलांना सत्त्याण्णव दिसलं. उद्या पुन्हा पाहू."

दुसऱ्या दिवशीही सत्त्याण्णवच आलं. बाईंनी मुलांनाच विचारलं, चूक पाण्याची, तापमापीची की तुमची, हे ठरवायचं कसं? अर्धा तास वाद चालला. शेवटी एका मुलीने तापमापी वितळत्या बर्फात धरायला सुचवलं. पारा शून्याच्या खाली तीन अंशांवर थांबला. तापमापीच बिघडलेली होती. मला कमीपणा येईल असा एकही शब्द बाई बोलल्या नाहीत. मी वही मागून घेतली आणि माझी दुरुस्ती खोडली.

आपल्या वर्गातली बहुतेक मुलं दहावीनंतर विज्ञान सोडणार, हे बाईंनी केव्हाच मान्य केलं होतं. तरीही त्यांना नीट पाहता यावं, दुसऱ्याचं ऐकून घेता यावं, 'मला माहीत नाही' म्हणताना लाज वाटू नये, यासाठी त्या तीस वर्षं झटल्या. शिकवण्याइतक्याच त्या माणसं सांभाळण्यात पक्क्या. माझे यजमान महिनाभर दवाखान्यात होते, तेव्हा माझे तास त्यांनी परस्पर घेतले. रोज संध्याकाळी डबा यायचा आणि सोबत चिठ्ठी, आज कुठपर्यंत शिकवलं त्याची.

नववीत संगीता नावाची मुलगी होती, गव्हाणची. वडील मिठागरात राबायचे. बाष्पीभवनाच्या तासाला ती मधेच म्हणाली, "बाई, पानी समदं आटवायचं नाय. थोडं ऱ्हाऊ द्यायचं, नायतर मीठ कडू व्हतं." वर्ग हसला. बाई थांबल्या. "आमच्या घरी बी असंच म्हनतात," त्या तिच्याच बोलीत म्हणाल्या, आणि हसू थांबलं. मग त्यांनी संगीताला मिठागरातलं पाणी आणायला सांगितलं. एका बशीतलं पाणी पूर्ण आटवलं, दुसरीतलं शेवटचं पाणी ओतून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बशीतलं मीठ, कडू क्षार त्यातच राहिल्याने, हवेने ओलं, चिकट झालं होतं. दुसऱ्या बशीतलं कोरडं होतं. पुढचा तास संगीताने घेतला. मागच्या बाकावर बसून बाई टिपणं काढत होत्या.

हे सगळं चांगलं सांगून झालं. पुढचंही सांगायला हवं.

निवृत्तीनंतरही बाई आठवड्यातून दोन दिवस विनावेतन प्रयोगाचा तास घ्यायला येत. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या जागी प्रवेशपरीक्षांचा क्लास सुरू करायचं घाटत होतं. त्यासाठी पालकसभा बोलावली. बाईही आल्या. पालकांमधून एका मुलीची आई बोलायला उठली. ती संगीता होती. आता करंजाड्याला राहते, मुलगी आमच्याच शाळेत.

"म्हात्रेबाईंचं मला सगळं आठवतं," ती म्हणाली. "पण त्याचे मार्क कुणी दिले नाहीत. मला पाहिजे होतं ते कॉलेज मिळालं नाही. माझ्या मुलीचं तसं व्हायला नको. प्रयोग मोबाइलवर दिसतात."

विज्ञान विभागप्रमुख म्हणून मी बोलायला हवं होतं. मी प्रयोगशाळा बंद करण्याच्या ठरावावर सही केली.

बाहेर आल्यावर मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ती खोटं नाही बोलली. तिला मी काय उत्तर देणार होते?" त्यानंतर त्या शाळेत आल्या नाहीत.

आता आमच्याकडे छापील प्रयोगवह्या येतात, निरीक्षणांसकट. मुलं कोरी जागा भरतात. परवा दहावीच्या वर्गात मी दिव्यावर चंचुपात्र ठेवलं, तर काडी ओढायच्या आधीच पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅम, आन्सर काय लिहायचं?" तिचं काही चुकलं नाही. आम्हीच तिला तेवढं शिकवलं आहे.

पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात बाईंचं कार्य पुढे चालू आहे असं कुणी लिहिलं असेल, तर मला तसं दिसत नाही. ते पुन्हा सुरू होईल असंही वाटत नाही. या लेखासाठी भेटायला गेले, तेव्हा बाईंनी चहा दिला आणि शाळेचं काही विचारलं नाही. निघताना फक्त म्हणाल्या, "संगीताची मुलगी कशी आहे अभ्यासात?" मी म्हटलं, पहिल्या पाचांत असते. "वर्गात काही विचारते का?" त्यांनी विचारलं.

बाई, पंचाहत्तरी झाली. तुमचे गुडघे बरे राहोत, नजर शाबूत राहो, शंभरी सुखाने गाठा. हे मी तुमच्यासाठी मागते आहे, आणि थोडं स्वतःसाठीही. ज्यांच्यासमोर मान खाली घालावी असं वाटतं, अशी माणसं माझ्या ओळखीत आता फार उरलेली नाहीत.