दोनशे बारा सुटी पानं

बाइंडर वाचायचा, आणि त्याच्या धंद्यातला तेवढाच काय तो दोष होता. बाकीचे बाइंडर पुस्तक हातात आलं की पट्टी शोधतात. हा आधी चष्मा शोधायचा. कादंबरी बांधायला आली की नायिकेचं लग्न लागेपर्यंत डब्यातली खळ वाळून जायची. समोरचा शिंपी दारातून ओरडायचा, "मी गिऱ्हाइकांचे कोट घालून हिंडलो तर मला बडवतील लोक. तुला बरं चालतं रे!"

दुकानाच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर व्हायोलिनचे मास्तर राहायचे. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मुलं शिकवून त्यांचे कान तयार झाले होते, आणि नेमका त्यामुळेच जीव हैराण झाला होता. शहरातला एकही आवाज त्यांना सुरात वाटायचा नाही. आठवड्यातून दोनदा ते दुकानात उतरायचे, स्टुलावर बसायचे आणि बाइंडरशी तासभर भांडायचे. देव आहे की नाही, कवितेला अर्थ लागतो की नाही, माणसाने गर्दीत राहावं की नाही. गल्लीत एवढं भांडायला बाइंडरला दुसरं कोणी नव्हतं.

एका मंगळवारी मास्तरांनी टेबलावर एक गठ्ठा ठेवला.

"शनिवारी अकराच्या गाडीने मुलीकडे चाललोय. कायमचा. हे तेवढं बांधून दे. दुसरी प्रत नाही हं."

"आहे काय यात?"

"डोक्यात होतं ते. आता डोकं रिकामं आहे, सामान हलकं झालं."

दोनशे बारा पानं, सगळी हाताने लिहिलेली, आणि एकावरही आकडा नाही.

सुट्या पानांना बाइंडरची एक रीत होती. गठ्ठा ठोकून सरळ करायचा आणि पाठीच्या, म्हणजे शिवायच्या बाजूच्या कडांवरून पेन्सिलीची एक तिरकी रेघ ओढायची. पानं विस्कटली तरी रेघ जुळवत गेलं की क्रम परत मिळतो. तीस वर्षांत ही रेघ कधी चुकली नव्हती. याही वेळी त्याने ती ओढली, आणि मग वाचायला बसला.

मास्तर बोलायचे तसेच लिहायचे. ‘मैफलीत पहिल्या सुराला जो खोकतो, तोच पुढे शहराचा कारभार बघतो.’ बाइंडर एकटाच हसला. ‘मी कोण, हा प्रश्न बसच्या रांगेत पडत नाही. तिथे लगेच उत्तर मिळतं: मागे व्हा.’ तो पुन्हा हसला. बुधवारी दुपारी वाचून झालं, तरी डोकं त्या पानांतच होतं. पाठीच्या कडा ओबडधोबड दिसल्या म्हणून सवयीने गठ्ठा कटिंग मशीनमध्ये सरकवला आणि दांडा ओढला. सूतभर रुंदीची कागदी पट्टी खाली पडली. तिच्याबरोबर रेघही गेली.

हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा गठ्ठा टेबलाच्या कडेला होता आणि बाहेर रस्ता फोडायचं यंत्र सुरू झालं होतं. महिनाभर तो रस्ता फोडत होते. कशासाठी, ते फोडणाऱ्यांनाही ठाऊक नसावं. टेबल थरथरलं. बाइंडर धावला, पण पानं आधी पोचली. पंख्याने उरलेलं काम केलं.

बायको डबा घेऊन आली तेव्हा हा जमिनीवर रांगत होता.

"अहो, काय हरवलं?"

"क्रम."

"मग जा ना वर, विचारा त्यांना."

"आणि सांगू काय? तीस वर्षांचा बाइंडर, रेघ कापून बसला?"

इथेच त्याचं चुकलं. मास्तर तीन जिने वर होते. पण शेवटच्या आठवड्यात त्यांच्या नजरेतून उतरायची त्याची तयारी नव्हती. गुरुवार सगळा पानं जुळवण्यात गेला. एक वाक्य जुळतंय असं वाटलं की बाहेर यंत्र घरघरायचं आणि मागचं पान डोक्यातून पुसलं जायचं. शेवटी वैतागून त्याने चार ढीग केले: संगीत एकीकडे, पुस्तकं दुसरीकडे, तत्त्वज्ञान तिसरं, शहर चौथं. वाहवा! किती स्वच्छ दिसलं! दाभणाने भोकं पाडली, मेणाचा दोरा ओवला, गर्द निळं कापड चढवलं. आयुष्यात त्याने असं देखणं पुस्तक बांधलं नव्हतं.

शुक्रवारी मास्तर आले. कापडावरून हात फिरवला, पुस्तक उघडलं. पाच पानं, दहा पानं. मग चष्मा काढला.

"हे कोणी केलं?"

"मी. जरा व्यवस्थित लावलं."

"व्यवस्थित? अरे, मैफलीतून उठून मी बस पकडतो, बसमध्ये तो खोकणारा भेटतो, आणि त्याच्यामुळे मला मरणाचा विचार सुचतो. तू मला मैफलीत एकशे दहा पानं बसवून ठेवलंस! असं कोण जगतं?"

बाइंडरने सगळं सांगितलं, पण मान खाली घालून नाही. तोही भडकला होता.

"आकडे टाकायला काय झालं होतं तुम्हाला? चाळीस वर्षं पोरांना एक-दोन-तीन-चार शिकवलंत ना?"

"बाइंडरला पानं दिली होती मी, वाचकाला नाही!"

ते शेवटचं बाइंडरला लागलं, आणि खरं होतं म्हणून जास्तच लागलं. त्याने सुरी उचलली आणि स्वतःचे टाके एकेक करून कापले. मास्तर "अरे, अरे" म्हणत राहिले. कापून झाल्यावर त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. सांगा, पहिलं कुठलं?"

पहिली तीस पानं भराभर लागली. मग मास्तरच अडकले.

"हे आधी."

"नाही, मास्तर. इथे तुम्ही चिडलेले आहात, आणि त्या पानावर शांत झालात."

"मी शांत कधी झालो?"

"इथे झालात. वाचा."

मास्तरांनी वाचलं आणि मुकाट्याने पान मागे ठेवलं. बाइंडरने कोपऱ्यात ठसठशीत आकडा टाकला. अंधार पडेपर्यंत आणि शनिवारी सकाळी पुन्हा, एका पानामागे एक भांडण अशा हिशेबाने ते एकशे एकोणसाठपर्यंत पोचले. साडेदहा वाजले. दारात सुटकेस उभी होती.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "बाकीची गाडीत लावतो."

शिवायला वेळच नव्हता. बाइंडरने आकड्यांची पानं वर घेतली, बिनआकड्यांची त्रेपन्न खाली ठेवली आणि गठ्ठा जाड दोऱ्याने बांधला. ओढली की सुटेल अशी गाठ मारली. तशी गाठ मारताना त्याच्या हातांना लाज वाटत होती.

"लावून झाली की पोस्टाने पाठवा. शिवून देतो."

"आणि एखादं पान अडलं तर?"

"पत्र टाका. चिडलेले आहात की शांत, तेवढं कळवा."

मास्तर हसले नाहीत. गठ्ठा त्यांनी सुटकेसमध्ये ठेवला नाही, काखेत धरला, आणि फोडलेल्या रस्त्याच्या कडेकडेने, खड्डे चुकवत, यंत्राच्या आवाजाला शिव्या देत निघून गेले.

शिंपी दारात आला. "बिनशिवलेलं दिलंस? तू?"

"हो," बाइंडर म्हणाला. "अजून वाद संपला नाही आमचा."