इतिहासाच्या तासाला मोरपिसांचा टोप

शाळेत आदिवासींचा इतिहास शिकवा, अशी पत्रकं मी नांदेडच्या रस्त्यांवर उभी राहून वाटली होती. पत्रकात ‘जाहीर निषेध’ लिहायला काही लागत नाही. लातूरला त्या दुपारी मात्र बोलली ती माझी विद्यार्थिनी, मी नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. स्वागताच्या कमानी उभ्या होत्या आणि नळ कोरडे होते. तिथं मराठवाड्यातल्या माध्यमिक शिक्षकांचं शिबिर भरलं होतं. मी किनवटच्या जंगलातल्या आश्रमशाळेवर इतिहास शिकवते. भांडभांडून मी तिथं एक नमुना पाठ मिळवला होता: गोंडांचा इतिहास. पाठ पसंत पडला तर या नव्या जिल्ह्यातल्या शाळांत नववीला घेणार, असं शिबिराच्या समितीनं तोंडी कबूल केलं होतं. अर्धा पाठ मी घेणार, अर्धा माझी नववीतली गोंड विद्यार्थिनी. किनवटहून निघालेल्या गाडीत ती सगळ्या वाटेनं पाठ पुटपुटत होती.

हॉलवर पोचलो तर आमचा पाठ जेवणानंतर, करमणुकीत टाकलेला! इतिहासाच्या तासाची करमणूक! मी भांडायला वळणार तोच यजमान शाळेचे चित्रकलेचे सर मोरपिसांचा टोप घेऊन आले. दर्ग्याबाहेर मिळणारे मोरचेल, म्हणजे मोरपिसांचे कुंचे, सोडवून तो त्यांनी स्वतः बांधला होता.

“बाई, हा घाला पोरीच्या डोक्याला. अन् युनिफॉर्म कशाला? आदिवासी वाटंना ती.”

मुलगी दोन पावलं मागं सरली.

“सर, हे पोरीबाळींनी घालायचं नसतं. आमच्यात दिवाळीला दंडारीचा नाच असतोय, त्यात बाप्ये घालतात. ज्यानं घातला तो देव असतोय. दंडार संपंस्तोवर आंघोळबी करत न्हाईत ते.”

“आंघोळ न्हाई?” सर हसून म्हणाले. “मग आख्खं लातूरच देव झालंय की गं! चार दिवस झाले, टँकर कुठं हाय?”

सगळे खदखदून हसले. हसणाऱ्यांत इतिहासाचे शिक्षकही होते. पोरगी धर्म सांगून राहिली आणि हे मास्तर लोक दात काढून राहिले!

ती ऐकत नाही म्हटल्यावर सरांनी त्यांच्याच शाळेतल्या एका पोराला काजळी फासली, त्याच्या डोक्यावर टोप ठेवला आणि स्टेजवर उभं केलं. हिला म्हणाले, “तू नुसती टाळ्या वाजव.”

ती स्टेजवर गेली. त्या पोरासमोर उभी राहून हळू आवाजात म्हणाली, “काढ रे दादा.” ते पोरगं आधी हसलं. मग तिच्याकडं बघून त्यानं टोप काढला आणि काखेत धरून विंगेत पळालं.

ती बोलायला लागली. चंद्रपूरचा तट गोंड राजांनी बांधला. निजामाच्या काळात तिच्या आजोबांच्या शेताला सरकारनं राखीव जंगल ठरवलं, उभं पीक सोडून गाव उठलं. खाली सुपारी कातरणं चालू होतं. माझ्या वाट्याचा अर्धा पाठ मी घेतलाच नाही. तिचं बोलणं मधे तोडायची माझी छाती झाली नाही.

शेवटी समितीचे अध्यक्ष उठले. मला अजून वाटत होतं, पाठ मंजूर होईल.

“पोरीनं पाठांतर चांगलं केलंय,” ते म्हणाले. “पण बाई, हे काही परीक्षेला येत न्हाई. परीक्षेला नसलेलं पोरं कशाला वाचतील? गॅदरिंगला नाच ठेवा, आमची ना न्हाई.”

ती अजून माइकपाशीच उभी होती.

“मग परीक्षेला घ्या की, सर.”

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि पुढचा कार्यक्रम पुकारला.