सावडीचं इंजेक्शन

अन्याय माझ्या थोरल्या वहिनीवर झाला. पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या साली, ऐन आवणीत, म्हणजे भातलावणीत, सोमवारी दुपारी, पुण्यातल्या कामगार विम्याच्या एका दवाखान्याच्या खिडकीपाशी. ती स्वतः तिथं नव्हती; ती मुळशीत, गुडघाभर चिखलात उभी होती. तरी अन्याय तिच्यावरच झाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी नशिबाचं नाव काढायला नको.

वहिनीला सांधे धरण्याचा आजार. सकाळी मुठी उघडायच्या नाहीत, भाकरी मनगटानं थापायची. पौडच्या डॉक्टरांनी तिला नवं इंजेक्शन सुरू केलं. स्टेरॉइड म्हणतात त्याला. थोड्याच दिवसांत ती सुईत दोरा ओवायला लागली. पण रबरी बुचाची ती एक बाटली घ्यायची म्हणजे दादाचा गिरणीतला पंधरवड्याचा पगार गेलाच.

मग वहिनीनं आमच्याकडची रीत लावली. आवणीला आमच्यात सावड असते. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. मजुरी कुणी मागत नाही, पण पाळी कुणी चुकवत नाही. माळावरच्या धनगरवाड्यात एक मावशी होती, तिचे गुडघे असेच धरलेले. दोघींनी मिळून एक बाटली घेतली. आधी अर्धी वहिनीची, मग अर्धी मावशीची. डॉक्टरांना दोघी सांगायला गेल्या नाहीत. सावड काय डॉक्टरला विचारून करतात?

‘‘मधेच सोडू नका हं,’’ डॉक्टर वहिनीला म्हणाले होते.

‘‘न्हाई सोडत,’’ ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिचा हिशोब सरळ होता. दादाच्या पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापतात. पहिली अर्धी बाटली संपेस्तोवर विम्याच्या कार्डावर दुसरी मिळेल.

तिची अर्धी संपली त्या दिवशी तिनं उरलेली बाटली फडक्यात बांधून माळावर पोचती केली. मी तेव्हा गिरणी कामगारांची पत्रकं लिहायचो आणि सुट्टीला घरी आलो होतो. म्हटलं, ‘‘वहिनी, नवी बाटली येईपर्यंत थांब तरी.’’

‘‘पाळी तिची हाय, भावजी. आन तुमच्या कागदांनी माझी बोटं सरळ हुणार असतील तर आणा की, लावते बांधून!’’

म्हणून सोमवारी दादाबरोबर मी पुण्याच्या दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या कारकुनानं वर न बघता विचारलं, ‘‘कार्ड कुणाचं?’’

‘‘माझं,’’ दादा म्हणाला.

‘‘दुखतंय कुणाचं?’’

‘‘बायकोचं.’’

‘‘मग तिला गिरणीत लावा. कार्ड कामगाराचं आहे, घरादाराचं नाही.’’

रांगेतले दोघंतिघं हसले. दादाही हसला, आणि त्याचं ते हसणं मला जास्त लागलं. कारकुनाच्या मागं कपाट उघडं होतं. त्यात त्याच बाटल्या, तेच लेबल, ओळीनं उभ्या. मी आतल्या कंपाउंडरला ओरडून विचारलं, ‘‘तुम्हाला केवढ्याला पडते ही?’’

‘‘आम्ही ठोक घेतो. बाजाराच्या निम्म्यातही बसते,’’ तो अगदी सहज म्हणाला. मग कारकुनानं त्याच्याकडे बघितलं आणि त्यानं कपाट लावून घेतलं.

कोपऱ्यावरच्या दुकानात तीच बाटली पुऱ्या किमतीला. म्हणजे ज्याच्या पगारातून कापलं त्याच्या बायकोनं पुरे द्यायचे, आणि कापणाऱ्यानं निम्मे. दादाच्या खिशात तेवढे नव्हते. तो गिरणीच्या पाळीवर गेला, मी एसटी धरली. वहिनीचं औषध बंद होऊन आठवडा होत आला होता, आणि डॉक्टरांचं ‘सोडू नका’ पौडपर्यंत माझ्या कानात वाजत राहिलं.

बांधावर पोचलो तर बायका एका जागी गोळा झालेल्या. मधे वहिनी. पोटात काही ठरत नव्हतं, अंग गार, ओठ पांढरे, हाक मारली की डोळे उघडायची आणि पुन्हा मिटायची. खाटेला दोर बांधून चौघांनी तिला उचललं. पौड येईपर्यंत मी तिच्या नाकाशी बोटं धरून चालत होतो.

डॉक्टर संतापले. ‘‘एकदम तोडलंत? अहो, या औषधाची शरीराला सवय लागते. पायरी-पायरीनं उतरवावं लागतं, नाहीतर माणूस असा कोसळतो. बाटली कुठाय?’’

बाटली मावशीकडे. आणि मावशीनं एव्हाना टोचून घेतली असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात ती दारात आली; बांधावरच्या बायकांनी तिला निरोप धाडला होता. धरलेल्या गुडघ्यांनी, माळ उतरून, काठी टेकत. कमरेचं फडकं सोडलं. बाटली जशी पोचवली होती तशीच अर्धी भरलेली.

‘‘तू घेतलं न्हाईस?’’ मी विचारलं.

‘‘आवणी उरकू दे म्हनलं, तवर हिला लागली तर असावी. मेंढरामागं गुडघं वडत गेलं तरी चालतंय, चिखलात बोटं लागत्यात.’’ मग खाटेकडे बघून म्हणाली, ‘‘लई मोठी सावडीवाली झालीया! ऊठ, माझ्या खाचरात कोन येनार?’’ मावशीला खाचर नव्हतंच. वहिनीचे ओठ किंचित हलले.

त्या अर्ध्या बाटलीवर डॉक्टरांनी वहिनीला सावरलं आणि थोडं थोडं कमी करत औषध उतरवलं. ती वाचली. बाटली संपली आणि तिच्या मुठी पुन्हा मिटल्या. मावशीचे गुडघे होते तसेच. आता ती माळ उतरत नाही. दादा सुट्टीला आला की वहिनी पाणी द्यायच्या आधी विचारते, ‘‘मावशीची पाळी कवा फेडायची?’’ दादा चपला काढत राहतो.

तुमच्याही पगारातून विमा कापतात ना? मग येत्या सोमवारी आमच्यासारखं हसून परत येऊ नका. खिडकीपाशी उभे राहा. ही बाटली तुम्ही केवढ्याला घेता आणि माझ्या बायकोला का देत नाही, एवढं मोठ्यानं विचारा, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. उत्तर लेखी घ्या. ते हातात पडेपर्यंत खिडकी सोडू नका.