जागचा न हलणारा ठिपका

तीन महिने माझ्या पोटात आग होत होती. घरचे म्हणत, आग पोटात नाही, स्वभावात आहे. म्हणून पांढुर्ण्याच्या डॉक्टरकडे दुर्बिणीची नळी गिळायला गेलो. दुखणं खरं निघावं, एवढीच इच्छा होती.

नळी जुनी होती. तिच्यात काचेचे हजारो बारीक धागे असतात आणि प्रत्येक धागा चित्राचा एक कण आणतो. बरेच धागे तुटलेले. पडद्यावर माझं पोट मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसत होतं, आणि त्यावर काळे ठिपके.

"ठिपके नळीचे आहेत काका, पोटाचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "नवीन प्रोग्राम टाकला मी. बाजूचा रंग घेऊन ठिपका बुजवून टाकतो." बटण दाबताच माझं पोट धुतलेल्या संत्र्यासारखं गुळगुळीत झालं. "पाहा, काहीच नाही."

सगळाच माल चांगला दिसला की मी पेटी उलटी करून पाहतो. संत्र्याचा धंदा त्यावरच उभा केला. पण तोंडात नळी. चादरीखाली डॉक्टरांचा हात धरून दोन बोटं दाबली. म्हणजे, नळी दोन बोटं मागे घ्या. डॉक्टरांचे वडील संत्र्याचे दलाल, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारे.

"काका, तपासणीची फी कमी नाही होत," डॉक्टर म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी बटणाकडे बोट नाचवलं, मग हवेतच संत्रं फिरवून पाहावं तसा हात फिरवला. शेजारी उभी नर्स मोहगावची, तिच्या घरी संत्र्याची बाग होती. ती म्हणाली, "सर, प्रोग्राम बंद करा अन् नळी फिरवा म्हणून राहिले ते."

डॉक्टरांनी वैतागून प्रोग्राम बंद केला अन् नळी फिरवली. पोट सरकलं, ठिपके जागच्या जागी. एक ठिपका मात्र पोटाबरोबर सरकला.

डॉक्टरांनी नळी पुन्हा फिरवून पाहिली. मग म्हणाले, "व्रण आहे."

आनंदाने मला ठसका लागला.

रिपोर्टवर लिहिलं होतं, 'तपासणीत व्रण आढळला', आणि खाली एकट्या डॉक्टरांची सही. मी म्हटलं, "आढळला मला. तुम्ही तर बुजवून राहिले होते. माझी सही घ्या." डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मी खुर्ची सोडली नाही.

शेवटी नर्सने रिपोर्ट माझ्यापुढे धरला. "काहून तापता काका? तुमचं नाव सगळ्यात वर आहे न. पेशंटच्या जागी."