युद्धबंदीच्या दिवशीची हजामत

पिस्कॅटवे या अमेरिकन गावातला माझा न्हावी लेबनॉनचा होता. हात चांगला, पण माणूस डोकं फिरवणारा. रेडिओवर बैरुतचं नाव निघालं, की हा कात्री खिशात टाकून भिंतीवरच्या फोनकडे धावायचा आणि मी गळ्याला फडकं बांधून, अर्धवट कापलेले केस आरशात बघत बसायचो. लाइन लागायची नाही. तो पुन्हा पुन्हा नंबर फिरवायचा. आईशी एकदा बोलणं झालं, की परत येऊन काहीच न झाल्यासारखं विचारायचा, "कानावरचे ठेवू?"

एका शनिवारी बातमी आली, युद्धबंदी झाली. सुटलो, म्हटलं! आज तरी केस एका दमात कापून होतील. मी खुशीत "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणालो, तर हा भडकलाच.

"कसलं काँग्रॅच्युलेशन्स? बाँब पडत असतात तेव्हा आई जिन्याखाली बसून असते, फोन हाताशी घेऊन. शांतता जाहीर झाली की निघते बाजारात! वडील असेच गेले, युद्धबंदीत ब्रेड आणायला."

आणि कात्री खिशात टाकून गेला की परत फोनकडे! मी वैतागून घड्याळ बघितलं.

त्या दिवशी लाइन पहिल्याच फटक्यात लागली. पलीकडची रिंग मला खुर्चीत ऐकू येत होती. ती नुसती वाजत राहिली.

"बघा, पडली बाहेर!" तो ओरडला आणि रिसीव्हर आपटायला निघाला.

"अहो, ठेवू नका," मीच खेकसलो, "वाजू द्या!"